डॉक्टरांच्या मोटारीत तीन पोती भात

मुरबाडच्या त्या सुताराचा मला अजून हेवा वाटतो. त्याने माझं काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. दोन शब्द सुनावता आले असते, हिशेब मिटला असता. पण त्याने माझं भलंच केलं, आणि तेही असं, की जणू वाटेवरचा दगड पायाने बाजूला सारावा. म्हणून हे लिहायला बसलो आहे. गोष्टीला चार-पाच वर्षं झाली.

लढाई चालू होती. पेट्रोल कुपनावर मिळे आणि मोटारीचे सुटे भाग तर मुंबईतसुद्धा दिसेनासे झाले होते. शहापुरात आग्रा रोडच्या कडेला आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्यामागे पत्र्याच्या शेडीत त्यांची मोटार. कापडी हुडाची, उघडी, पंधरा वर्षं जुनी. अंगावरचा पत्रा आत सागाच्या चौकटीवर खिळ्यांनी ठोकलेला, आणि ती सगळी चौकट खालच्या लोखंडी चासीवर बोल्टांनी बसवलेली. कल्याणच्या एका कारखान्यात दोन वर्षं काळे हात करून मी घरी आलो होतो. डॉक्टरांनी मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि दुरुस्तीही मीच करावी असं ठरलं. तालुक्यात मोटारीला हात लावणारा दुसरा माणूस नव्हता. तीन वर्षं मी ती गाडी जपली. मालक ते, पण गाडी माझी, अशी माझी मनातली वाटणी होती.

माझ्याविषयी आणखी एक सांगायला हवं. मी छापील कागदावर वाढलो. मामा भाताच्या कणगीत पत्रकं लपवून ठेवत, आणि मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. पुढे मीच ती वाटू लागलो, खर्डीच्या स्टेशनात, सापगावच्या देवळापुढे, आठवड्याच्या बाजारात. एक तर मी स्वतः लिहिलं होतं. एका ओढ्यावरच्या पुलाला दगडी पाटी होती आणि तिच्यावर ठेकेदाराचं नाव कोरलं होतं. ज्या पाड्यांवरच्या बायाबापड्यांनी तो दगड डोक्यावरून वाहिला त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी पत्रकाला मथळा दिला, 'काम एकाचं, नाव दुसऱ्याचं का?' त्याच्या पन्नासेक प्रती मोटारीच्या सीटखाली नेहमी असायच्या. मोटारीचं ज्ञानही मी असंच एका सोळा पानी पुस्तिकेतून मिळवलं होतं, कल्याणच्या फूटपाथवर घेतलेल्या. तिच्यात छापलं होतं ते माझ्या दृष्टीने खरं.

त्या वर्षी पाऊस संपता संपता गाडीने दुखणं काढलं. चालताना ती डावीकडे ओढायची. इंजिन थरथरायचं, आणि चढ लागला की पंखा रेडिएटरला घासून किरकिर करायचा. मागचं डावं दार मधेच आपोआप उघडायचं. एकदा किन्हवलीच्या पुढे, खड्ड्यात चाक गेलं आणि ते दार असं काही फटकन उघडलं, की डॉक्टरांच्या औषधांची पेटी भातखाचरात जाऊन पडली. तिच्या मागोमाग डॉक्टरही गेले असते, पण ते जाडजूड होते आणि सीटमध्ये घट्ट बसलेले होते.

कंपाउंडर चिखलातून बाटल्या वेचत होता. डॉक्टर मला म्हणाले, "अरे, मी पेशंटकडे निघालोय की पेशंट व्हायला?"

घरी आल्यावर मात्र ते हसत नव्हते. लाकडाचा एक ठेकेदार कधीपासून त्यांच्यामागे लागला होता. त्याला गाडी नको होती, नुसतं इंजिन हवं होतं, रानात करवत चालवायला. डॉक्टर म्हणाले, "म्हशाच्या जत्रेला मला गाडी सरळ पाहिजे. झाली तर ठीक. नाही झाली तर देऊन टाकतो त्याला. मग तू बघ तुझं."

म्हसा गावची ही जत्रा पौष पौर्णिमेला असते. माझ्या हातात दोन महिने होते. माझ्या इंजिनाला पट्टा लावून कोणी त्यावर साग चिरतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी कामाला लागलो. पुढचा आस एका बाजूला सरकला होता, तो जागेवर आणला. गाडी डावीकडे ओढायची थांबली. हे मी केलं, एकट्याने केलं, आणि हे इथे मुद्दाम नोंदवतो. इंजिन उघडून साफ केलं, स्पार्क जुळवला, बोल्ट आवळले. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शेडीतली जमीन सपाट केली, गाडी तिच्यावर उभी केली, ओळंबा सोडला, गुण्या लावला, आणि चौकट सूतभरही वाकडी राहणार नाही अशी बसवली. चारी दारं पेटीच्या झाकणासारखी लागत होती. एकटाच सापगावपर्यंत जाऊन आलो. पंखा गप्प, दार गप्प.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बसले, कंपाउंडर बसला, पेटी ठेवली. पहिल्याच वळणावर दार उघडलं. पंखा किरकिरला.

असं तीनदा झालं. तीनदा मी ती सरळ केली आणि तीनदा ती डॉक्टर बसताच वाकडी झाली. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "मुरबाडात एक सुतार आहे. बैलगाड्या करतो. माझ्या जुन्या टांग्याची चौकट त्यानेच बसवली होती, बारा वर्षांत कुरकुरली नाही. त्याला दाखव एकदा."

"मोटार म्हणजे काय बैलगाडी आहे, डॉक्टरसाहेब?" मी म्हणालो. आवाज चढला होता.

"बरं, बाबा. तूच कर."

पण त्यानंतर रोज सुतार निघायचा. चहा पिताना सुतार, पेशंटची नाडी बघताना सुतार. त्याने कुठला दरवाजा कसा बसवला, कुणाचा नांगर कसा केला. मी त्या माणसाला पाहिलंही नव्हतं, आणि पाना हातात घेतला की मला तो माझ्या खांद्यावरून वाकून बघतोय असं वाटायचं.

मार्गशीर्षात डॉक्टर आठ दिवसांसाठी ठाण्याला गेले. चौकटीचा खालचा एक वासा कुजला होता, तो बदलायचा होता. एवढा लांब आणि वाळलेला साग शहापुरात मिळेना. मिळेल तर त्या सुताराकडे. मी मनाशी ठरवलं, त्याने फक्त माझ्या मापाने वासा कापून द्यायचा. बाकी एका खिळ्यालाही त्याचा हात लागता कामा नये. डॉक्टरांनाही चिठ्ठीतून कळवलं, लाकूड आणायला मुरबाडला जातो.

तो अंगणात चाकाचे आरे बसवत होता. चाळिशीचा, सुकलेला, कानावर पेन्सिलीचा तुकडा. माझ्या खादीच्या टोपीकडे बघून म्हणाला, "तुमी ते कागद वाटणारं ना? बाजारात मला बी दिला होता. झाक होता कागद. पोरीनं वाचून दाखवला."

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "एक वासा कापून हवाय. माप आणलंय."

त्याने माप घेतलं आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला. हात लावला नाही. नुसता बघत राहिला. मग विचारलं, "हिच्यात कोण कुठं बसतंय?"

"म्हणजे?"

"डाक्टर कुठं बसतात?"

"मागे, डावीकडे."

"नेहमी?"

"नेहमी. त्यांना रस्त्याकडेची माणसं दिसायला लागतात. पुढे माझ्याशेजारी कंपाउंडर. त्याच्या मागे, डॉक्टरांच्या पायाशी पेटी."

"आणि तुमी ही रिकामी जुळवली."

प्रश्न नव्हता तो. मी पुस्तिकेचं सांगू लागलो, सपाट जमीन, ओळंबा, गुण्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही हसला नाही, हे त्याहून वाईट.

"आमी नवा गाडा केला की पाचरी ठोकत नाय लगेच," तो म्हणाला. "भात भरून ठेवतो त्यात. एक दिवस, एक रात. गाडा वजनाखाली बसतो, लाकूड सांगतं कुठं ताण हाय ते. मग ठोकायच्या पाचरी. रिकामा गाडा सगळाच सरळ असतो हो."

मग त्याने आत आवाज दिला, "गो, तीन पोती काढ भाताची."

बायको पदर खोचून दारात आली. "कोणती पोती? ती बियाण्याची? घरात बी ठेवलंय ते काय मोटारीत पेरताव?"

"खायला नाय देत मोटारीला. उद्या परत आणून ठेवतो."

"ठेवाल हो! मागच्या साली गाड्यात भरलं, तवा उंदरानं अर्धं नेलं. ह्या मोटारीत उंदीर हाय का, विचारा त्यांना आदी."

मी सांगितलं की नाही. ती म्हणाली, "मग चांगली हाय. आमच्या घरापरीस चांगली."

दीड पोतं डॉक्टरांच्या जागी. एक कंपाउंडरच्या. अर्धं पेटीच्या. माझ्या जागी मी, रात्री झोपायलाही तिथेच. आधी त्याने माझ्याकडूनच चौकटीचे सगळे बोल्ट ढिले करून घेतले. मी ते करत होतो आणि मनात म्हणत होतो, काही होणार नाही, उद्या हा तोंडावर पडेल, आणि मी डॉक्टरांना म्हणेन, बघा तुमचा सुतार. खरंच सांगतो, गाडी बिघडावी असं मला वाटत होतं. तीच गाडी, जी सरळ झाली नाही तर माझ्या हातून जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली वाकून पाहिलं. डावीकडे चौकट आणि चासी यांच्यामध्ये दोन जागी फट पडली होती, बोट जाईल एवढी. इंजिनाच्या मागच्या पायाखाली नखाएवढी जागा सुटली होती. रिकाम्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं. पुस्तिकेच्या सोळा पानांत डॉक्टर कुठे बसतात याचा उल्लेख नव्हता.

त्याने नवा वासा बसवला. खैराच्या पाचरी तासल्या, एकेक लावून बघितली, परत काढली, परत तासली. जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे तुकडे इंजिनाच्या पायाखाली सारले. मग म्हणाला, "आवळा आता. ह्या टोकानं सुरू करा, त्या टोकाला संपवा. पोती उतरायची नाय तोवर."

मी आवळले. हँडल मारलं. तीन वर्षांत ते इंजिन असं कधी बोललं नव्हतं. मी कार्बोरेटरमधला पेट्रोलचा काटा जुळवला, तेव्हा त्याने बॉनेटवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "हिच्या पोटातलं तुमचं, पाठीतलं माझं."

त्याने अर्धं श्रेय मला देऊन टाकलं होतं. मला ते पुरेना. मला सगळं हवं होतं.

पैसे त्याने फक्त लाकडाचे घेतले. परत येताना किन्हवलीच्या अलीकडे मी गाडी थांबवली आणि सीटच्या फटीत अडकलेले भाताचे दाणे वेचून काढले. एकेक दाणा. खालची चटई झटकली. का, ते त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही. हात आपोआप चालत होते. सीटखालून पत्रकांचा गठ्ठाही काढला, त्यातलेही दाणे झटकले आणि परत ठेवला.

डॉक्टर आले. कंपाउंडर आणि पेटी घेऊन बसले. मी वळणं मुद्दाम जोरात घेतली. दार जागचं हललं नाही. उतरताना डॉक्टरांनी ते लावलं, तर टक असा एकच आवाज आला, आणि त्यांनी परत उघडून परत लावलं, नुसता आवाज ऐकायला.

"शाबास!" ते म्हणाले. "आणि मी सुतार सुतार करत बसलो होतो. तुझा हात सोन्याचा आहे, बाबा."

मी म्हणालो, "लाकूड चांगलं मिळालं."

यात शब्दाने काही खोटं नव्हतं. मी स्वतःला हेच समजावत राहिलो. पुढचा महिनाभर डॉक्टर येईल त्या पेशंटला शेडीत नेऊन दार लावून दाखवत. एका म्हाताऱ्याला तर खोकला बरा व्हायच्या आधी दार दाखवलं. दर वेळी माझं नाव घेत. मी खाली मान घालायचो आणि लोकांना ती नम्रता वाटायची. त्याच आठवड्यात मी खर्डीत पुलाच्या पाटीवरची पत्रकं वाटली. त्या वेळी काही खटकलं नाही. मलाच नंतर याचं नवल वाटलं.

पौष पौर्णिमा आली. म्हशाला बैलांचा मोठा बाजार भरतो, डोंगरातून माणसं उतरतात, घोंगड्यांच्या राशी पडतात. डॉक्टर तिथे राहुटी ठोकून फुकट औषधं देत. गाडी उभी करतो तोच ते म्हणाले, "चल, तुझा सुतार बसलाय तिकडे चाकं विकायला. त्याला दाखवू."

सुतार आणि त्याची बायको चार जोड्या चाकं मांडून बसले होते. डॉक्टर त्याला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आले, मागे बायको, आणि बैल सोडून पाच-सात माणसंही आली.

"बघ," डॉक्टर म्हणाले. "तुला बोलवायचं म्हणत होतो. पण माझ्या माणसानेच केलं. लाव दार."

सुताराने दार उघडलं, लावलं. टक. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हुडाच्या कापडाकडे पाहत होतो.

"बरी बसलीय," तो म्हणाला. "चांगला हात हाय ह्यांचा."

बायको हसली. "आमच्या भाताला दोन दिस मोटारीत बसवलं, आता मला कवा बसवताव?"

"कसलं भात?" डॉक्टरांनी विचारलं.

आणि तो सुतार अगदी सहज, तंबाखू मळता मळता म्हणाला, "ते लाकूड न्यायला आले होते ना, तवा म्हटलं आमची पोती बी गिरणीवर सोडा जाता जाता. तेच बोलतेय ही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. बियाणं कोणी गिरणीवर नेत नाही, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळत होतं. फक्त डॉक्टरांना कळलं नाही. ते मान डोलवत होते.

मी वाचलो होतो. काम त्याचं, नाव माझं, आणि ते त्याने मला चिमूटभर तंबाखू द्यावी तसं देऊन टाकलं. त्याला ते नकोच होतं. मी महिनाभर ज्याच्यासाठी खोटा राहिलो, दाणे वेचले, मान खाली घातली, ते त्याला इतकं किरकोळ होतं! हा माणूस लाकडातही माझ्या पुढे, आणि ज्या गोष्टीवर मी पत्रकं लिहितो तिच्यातही माझ्या पुढे? हे मला सहन झालं नाही.

"खोटं आहे ते," मी ओरडलोच. "काम यांनी केलंय. पोती मोटारीत भरून यांनी जुळवली. मला तीनदा जमलं नाही. मी फक्त बोल्ट आवळले."

एक बैल हंबरला. नंतर मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, शेवटी सत्य बोललास. मी त्यांना सुधारलं नाही, पण इथे सुधारतो. मी सत्यासाठी बोललो नव्हतो. त्याच्याकडून आणखी काही घ्यावं लागू नये म्हणून बोललो.

डॉक्टर आधी सुतारावरच उखडले. "आणि तूही मला खोटं सांगितलंस?"

"जत्रेला आलाव, सायब," तो म्हणाला. "जत्रेत कशाला माणसाचं पाणी उतरवायचं? घरी इचारलं असतं तर खरं सांगितलं असतं."

"म्हणजे मी मुरबाडला येऊन विचारायला हवं होतं!"

"या की. चहा घ्यायला या."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ठेकेदाराचं नाव निघणार. ते म्हणाले, "गाडी सरळ झाली, म्हणजे मी विकणार नाही. बोललोय ते बोललोय. तू चालवशील. पण दर वर्षी जत्रेच्या आधी हिला यांच्याकडे न्यायचं, यांच्या हाताखाली काम करायचं. आणि ज्या ज्या पेशंटला मी दार दाखवलं, त्यांना तू जाऊन सांगायचं, कुणी केलं ते. घरोघर. कागद वाटतोस तसं."

"आणि मला बसवायचं," बायको म्हणाली.

"आणि यांना बसवायचं. माझ्या जागेवर."

ती बसली, टोपली मांडीवर घेऊन. सुतार माझ्या शेजारी. मी गाडी म्हशाच्या बाहेर काढली आणि मुरबाडच्या रस्त्याला लागलो. फर्लांगभरही गेलो नसू, तर मागचं दार खडखडायला लागलं. पंखाही किंचित कुरकुरला.

सुतार हसून हसून वाकला. "गो, डाक्टरापुढं तू काय, अर्धं पोतं बी नाय! हलकी झालीय मागनं."

"मग काय करायचं?" मी विचारलं. एवढे दिवस मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"थांबा. डावी पहिली पाचर जराशी मागं घ्या, तात्पुरती. परत जाताना पुढं ठोका."

मी उतरलो, चासीखाली झोपलो. मला ती पाचर सापडली, खैराची, लाल, त्याच्या वाकसाने तासल्याच्या खुणा अजून तिच्यावर होत्या. हातोडीने हलकेच मागे सारली. खडखड थांबली. बाहेर आलो तेव्हा तो बांधावर बसून बायकोला रानातली कसलीशी झाडं दाखवत होता. मी बरोबर केलं की नाही, ते त्याने वाकून पाहिलंसुद्धा नाही.

पुढे मी बत्तीस घरी जाऊन सांगितलं. दर मार्गशीर्षात मुरबाडला जातो. पोती मीच उचलतो, पाचरी आता मीच तासतो, आणि तो अंगणात दुसऱ्या कुणाच्या चाकाचे आरे बसवत असतो. गेल्या वर्षी मी माझी एक पाचर त्याच्या जुन्या पाचरीशेजारी ठेवून पाहिली. अजूनही त्याचीच सरस होती.